दयावीर आणि महायुद्धातील आश्रयकथा

१

भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत पूर्वजांचे गाव म्हणून विदर्भातील पद्मपुराचा निर्देश केला आहे. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर होय, असे म. म. वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. हे गाव पूर्वी भंडारा जिल्ह्यात मोडत असे. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यात बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने विमानांसाठी धावपट्टी बांधली. पुढे तेथे वैमानिकांना शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. करुणाला रसांचे मूळ मानणाऱ्या कवीचे गाव आणि महायुद्धाची धावपट्टी यांचा हा शेजार केवळ योगायोगाचा आहे. परंतु त्या महायुद्धाने निर्माण केलेल्या एका विशिष्ट वाङ्मयप्रकाराचा विचार करताना हा योगायोग उपयोगी पडतो. तो प्रकार म्हणजे शत्रूच्या मुलखात पडलेल्या वैमानिकांना लपवून, खाऊपिऊ घालून, सरहद्दीपार पोहोचविणाऱ्या माणसांच्या कथा. त्यांना येथे ‘आश्रयकथा’ असे म्हटले आहे.

या कथा इंग्रजीत विपुल आहेत आणि त्यांची गणना सामान्यतः साहसकथांत होते. वाचक त्या पलायनाच्या थरारासाठी वाचतो. समीक्षकही त्यांना वीर व अद्भुत या रसांच्या खात्यावर टाकून मोकळा होतो. हे वर्गीकरण कितपत बरोबर आहे, या कथांतील खरा वीर कोण आणि त्याची वीरता कोणत्या जातीची, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

भरताने वीराचे दानवीर, धर्मवीर व युद्धवीर असे तीन भेद सांगितले. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त त्यांत दयावीराची भर घालून ते चार केले आणि दयावीराचे उदाहरण म्हणून ‘नागानंदा’तील जीमूतवाहन पुढे ठेवला. शंखचूड नागाच्या जागी स्वतः वध्यशिलेवर बसून गरुडाला आपला देह देणारा हा राजपुत्र आणि कपोताच्या रक्षणासाठी स्वतःचे मांस कापून देणारा शिबी, ही आपल्या परंपरेतील दयावीराची दोन ठळक चित्रे होत. चारही भेदांचा स्थायी भाव उत्साह हाच आहे. म्हणजे दयावीर हा केवळ कळवळणारा मनुष्य नव्हे. कळवळ्यापोटी कृतीला प्रवृत्त होणारा व त्या कृतीचे मोल स्वतः भरणारा तो पुरुष होय. करुणाचा स्थायी भाव शोक; दयावीराचा उत्साह. दोहोंचे उगमस्थान जवळजवळ असले तरी ओघ भिन्न आहेत.

याहून सूक्ष्म विचार आनंदवर्धनाने केला आहे. ‘ध्वन्यालोका’च्या तृतीय उद्द्योतात शांतरसाची चर्चा करताना तो म्हणतो की, दयावीरादी चित्तवृत्ती सर्वथा अहंकाररहित असतील तर त्या शांताचे प्रकार ठरतात, तशा नसतील तर त्या वीरात मोडतात. ही कसोटी कृतीच्या बाह्य रूपाची नाही. कर्त्याच्या मनात ‘मी हे करतो आहे’ ही जाणीव किती उरली आहे, यावर ती अवलंबून आहे. नवव्या शतकातील या एका विधानाने विसाव्या शतकातील पुष्कळशा आश्रयकथांचे मर्म उलगडते.

३

आधी वस्तुस्थिती पाहिली पाहिजे. १९४१ च्या ऑगस्टमध्ये आंद्रे द याँग ही चोवीस वर्षांची बेल्जियन तरुणी एका स्कॉटिश सैनिकाला व दोघा बेल्जियनांना घेऊन, व्याप्त फ्रान्स ओलांडून, स्पेनमधील बिल्बाओ येथील ब्रिटिश वकिलातीत दाखल झाली. पुढे ‘कॉमेट’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या मार्गाचा हा आरंभ होता. ब्रुसेल्स, पॅरिस, बायोन आणि तेथून पिरेनीज पर्वत व बिदासोआ नदी असा तो मार्ग होता. डोंगरातला वाटाड्या फ्लोरेंतिनो गोइकोएचिया हा बास्क चोरट्या व्यापारात मुरलेला मनुष्य. युद्धानंतर लंडनच्या राजवाड्यात गौरवप्रसंगी व्यवसाय विचारला असता त्याने ‘आयात-निर्यात’ असे उत्तर दिले, अशी आख्यायिका आहे. कॉमेटच्या मंडळींनी सुमारे आठशे सैनिक व वैमानिकांना साहाय्य केले. त्यांपैकी ११८ जणांना आंद्रेने स्वतः सोबत केली.

१५ जानेवारी १९४३ रोजी ती उरून्य येथील एका शेतघरात पकडली गेली. या मार्गाची प्रमुख आपणच, अशी कबुली तिने चौकशीत दिली. परंतु एवढी लहानखुरी मुलगी प्रमुख असेल यावर जर्मनांचा प्रथम विश्वास बसला नाही. तिची रवानगी छळछावण्यांत झाली व ती वाचली. तिचे वडील फ्रेदेरिक यांना २८ मार्च १९४४ रोजी पॅरिसजवळ गोळ्या घालण्यात आल्या. ज्या शेतघरात ती पकडली गेली त्या घरची मालकीण फ्रांत्शिया उसांदिसागा हीही त्याच दिवशी पकडली गेली. १९४५ च्या एप्रिलमध्ये रावेन्सब्रुक छावणीत तिचा अंत झाला.

या घटनांत एक विषमता आहे आणि आश्रयकथेच्या समीक्षेचा तीच पाया होय. वैमानिक पकडला गेला तर तो युद्धकैदी ठरे. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार पळून जाऊन पुन्हा सापडलेल्या कैद्यास शिस्तभंगाची शिक्षा देता येई आणि तिची कमाल मर्यादा तीस दिवसांची होती. त्याला भाकरी देणाऱ्या बाईला मात्र असे कोणतेही संरक्षण नव्हते. तिच्यासाठी गोळी किंवा छावणी. या नियमाला अपवाद घडले, हे खरे. १९४४ मध्ये १६८ वैमानिक युद्धकैदी म्हणून न गणले जाता बुखेनवाल्ड छावणीत डांबले गेले. तथापि सर्वसामान्य स्थिती हीच की, एकाच दाराशी उभ्या असलेल्या दोघांपैकी आत येणाऱ्याची जोखीम महिन्याची होती आणि दार उघडणाऱ्याची जन्माची.

दुसरी गोष्ट आलंबनाची. शिबीचा कपोत निष्पाप आहे. जीमूतवाहनाचा शंखचूडही निष्पाप आहे. बेल्जियन गृहिणीच्या दारातला वैमानिक तसा नाही. ५ एप्रिल १९४३ रोजी अमेरिकन विमानांनी अँटवर्पजवळच्या मोर्टसेलवर टाकलेल्या बाँबनी कारखान्याऐवजी वस्तीचा वेध घेतला आणि ९३६ नागरिक ठार झाले. त्याच वर्षी, त्याच देशात, तशाच विमानांतून उडी घेतलेल्या अमेरिकन मुलांना घरोघर लपविले जात होते. या आश्रयात शरणागताच्या निष्पापतेचा हिशेब केलेला नव्हता. जीमूतवाहनाच्या त्यागाहून हा त्याग या एका अंगाने अधिक कठीण मानावा लागतो.

तिसरी गोष्ट अतिथीच्या ओळखीची. श्रियाळ-चांगुणेच्या दारी आलेला अतिथी सत्त्व पाहण्यासाठी वेष पालटून आला होता. परीक्षा भीषण असली तरी वेषाआड देव होता आणि शेवटी चिलया परत मिळाला. नोव्हेंबर १९४२ मध्ये ब्रुसेल्समधील मारेशाल कुटुंबाच्या घरी दोन ‘अमेरिकन वैमानिक’ आले. ते जर्मन पोलिसांचे हस्तक होते. त्या पाहुणचारातून धरपकडीची लाट उसळली. घरची आई व मुलगी छावणीत गेल्या आणि वडील जॉर्ज मारेशाल यांना पुढील वर्षी गोळ्या घालण्यात आल्या. वेषाआड देव असेल ही श्रद्धा बाळगून दार उघडणे एक; वेषाआड मारेकरी असू शकेल हे ठाऊक असूनही दार उघडणे दुसरे. मारेशालांच्या घटनेनंतरही ब्रुसेल्समधील दारे बंद झाली नाहीत.

४

एवढी सामग्री हाती असता वाङ्मयाने तिचे काय केले? एअरी नीव्ह याचे ‘लिटल सायक्लोन’ (१९५४) हे आंद्रे द याँगवरील पुस्तक आणि त्याचे ‘सॅटर्डे ॲट एम. आय. नाइन’ (१९६९) हे आत्मकथन, ही या प्रकारातील प्रमुख उदाहरणे होत. नीव्ह स्वतः कोल्डिट्झच्या किल्ल्यातून निसटून १९४२ मध्ये मायदेशी पोहोचलेला अधिकारी होता आणि नंतर पलायनाच्या कामासाठी असलेल्या ब्रिटिश खात्यात काम करू लागला. त्याला या माणसांविषयी वाटणारा आदर निर्मळ आहे. आश्रयदात्यांना कथेच्या मध्यभागी आणण्याचे श्रेयही त्याला दिले पाहिजे. परंतु ‘चिमुकले वादळ’ हे नावच त्याची दृष्टी सांगून जाते. आंद्रेत त्याला वेग दिसतो, धडाडी दिसते, शत्रूला चकविण्याची कला दिसते. म्हणजे तो तिला युद्धवीराच्या साच्यात बसवितो. सैनिकाला युद्धवीराचीच भाषा येते, यात नवल नाही. पण त्या साच्यात जी मावत नाही ती शेतघरातली फ्रांत्शिया होय. तिने कोठे धाव घेतली नाही. तिने चूल पेटविली, ओले कपडे वाळत घातले आणि पावसामुळे नदी चढली म्हणून अडलेल्या मंडळींना आणखी एक रात्र ठेवून घेतले.

पॉल ब्रिकहिलच्या ‘रीच फॉर द स्काय’मध्ये (१९५४) ही मर्यादा अधिक स्पष्ट होते. दोन्ही पाय कृत्रिम असलेला वैमानिक डग्लस बेडर ऑगस्ट १९४१ मध्ये फ्रान्समध्ये पडला, सेंतोमेरच्या इस्पितळातून चादरींच्या दोराने उतरला आणि एका वृद्ध दांपत्याने त्याला आपल्या घरी लपविले. तो लवकरच सापडला. दांपत्यालाही अटक झाली व जर्मनीत बंदिवास घडला. चरित्राचा ओघ साहजिकच बेडरबरोबर पुढच्या छावणीकडे जातो. घर मागे राहते. चरित्रकाराला दोष देण्याचे कारण नाही, कारण चरित्र बेडरचे आहे. पण प्रत्येक पुस्तक पाहुण्याचे असेल तर यजमानाचे पुस्तक कोण लिहिणार, हा प्रश्न शिल्लक राहतो.

या उणिवेला एक रचनात्मक कारणही आहे व ते समजून घेतल्याखेरीज लेखकांवर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. गुप्त मार्गाचा पहिला नियम अज्ञानाचा होता. वैमानिकाने घराचा पत्ता लक्षात ठेवू नये, यजमानाचे आडनाव विचारू नये, काही टिपून ठेवू नये. पकडला गेल्यास त्याच्याकडून काढून घेण्याजोगे काही असताच कामा नये. साहजिकच एकेका घरात दोन-चार रात्री काढलेल्या माणसाच्या स्मृतीत एक स्वयंपाकघर, एक टोपणनाव आणि सुपाचा वास एवढेच उरले. सुरक्षिततेच्या नियमाने कथनाची सीमा आखून दिली.

रसदृष्ट्या अडचण याहून खोल आहे. रसाची प्रतीती विभाव, अनुभाव व व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने होते. युद्धवीराचे अनुभाव उघड असतात: ललकारी, शस्त्र, पुढे टाकलेले पाऊल. आश्रय देणाऱ्याचे सारे कौशल्य अनुभाव दिसू न देण्यात आहे. शेजाऱ्याला जास्तीचा पाव दिसता कामा नये, दोरीवर परका सदरा दिसता कामा नये, पायरीवर मोठे बूट दिसता कामा नयेत. पाहुण्याला काटा कोणत्या हातात धरावा, चालताना खिशातली नाणी खुळखुळवू नयेत, हे शिकवावे लागे. भयाला कंप नाही, धैर्याला शब्द नाही. ज्याचे अनुभाव लपविणे हेच त्याचे कर्म, त्या वीराचे चित्रण करायचे तर लेखकाला नेहमीच्या दिवसाच्या अगदी बारीक तपशिलांचा आधार घ्यावा लागतो. साहसकथेला नेमका त्यांचाच कंटाळा असतो.

एरिक न्यूबीच्या ‘लव्ह अँड वॉर इन द ॲपेनाइन्स’ने (१९७१) ही अडचण पुष्कळ अंशी ओलांडली आहे. न्यूबी हा १९४२ मध्ये सिसिलीजवळ पकडला गेलेला ब्रिटिश अधिकारी. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीचा तह जाहीर झाला तेव्हा तो फोंतानेल्लातोच्या छावणीतून बाहेर पडला, तोही मोडक्या घोट्याने. पुढचे महिने त्याने डोंगरातील शेतकऱ्यांच्या आधाराने काढले आणि अखेर पुन्हा सापडला. म्हणजे पलायनकथा म्हणून ही अपयशाची कथा आहे. कदाचित त्यामुळेच ती यशस्वी झाली असावी. पोहोचण्याची घाई नसल्याने लेखकाची नजर शेतातले दगड वेचण्यावर, जेवणाच्या पानावर, घरच्या माणसांच्या बोलण्यावर स्थिरावते. तो स्वतः नायक न होता जवळजवळ विनोदी पात्र होतो आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत यजमान उभे राहतात. यात वीर क्वचित, हास्य बरेच आणि दयावीर सर्वत्र आहे.

इटलीतील ही कथा मराठी वाचकाला परकी नाही. जून १९४२ मध्ये टोब्रुक पडले तेव्हा तेथे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती आणि ती शत्रूच्या हाती लागली. इटलीतील छावण्यांत हजारो हिंदी कैदी होते. सप्टेंबर १९४३ नंतर त्यांपैकीही अनेक जण डोंगरांत निसटले व ज्यांची भाषा कळत नव्हती अशा शेतकऱ्यांच्या गोठ्यांत राहिले. त्याच पर्वतरांगांच्या प्रदेशात, मोंतोने येथे, १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी देह ठेवला व व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. २०२३ साली तेथे त्यांचे स्मारकही झाले. युद्धवीराचे ऋण असे फेडता येते. गोठ्यातल्या पाहुणचाराचे ऋण कोणत्या मराठी पुस्तकाने फेडले?

५

हाच प्रश्न घराजवळ आणला म्हणजे अधिक बोचरा होतो. आंद्रे द याँग ज्या महिन्यांत पिरेनीजपार खेपा घालीत होती त्याच महिन्यांत महाराष्ट्रात व विदर्भात घरोघर माणसे लपत होती. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टी व चिमूर येथे उठाव झाले. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात तुमसर येथे त्याच महिन्यात गोळीबार झाला. पाठोपाठ धरपकड सुरू झाली. साताऱ्याकडे नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहिले. मौलवीच्या वेषात वावरणारे एस. एम. जोशी आणि मुंबईतील ‘मूषक महाल’ मराठी वाचकाच्या परिचयाचे आहेत.

येथे पाठलाग करणारे सरकार तेच होते, जे युरोपात वैमानिकांना लपविणाऱ्या गृहिणींना पदके देत होते. हिंदुस्थानात त्याच सरकारच्या दंडसंहितेचे २१२ वे कलम अपराध्याला आश्रय देणे हा गुन्हा ठरवीत होते. १३० वे कलम तर युद्धकैद्याला वा राजबंद्याला पळून जाण्यास साह्य करणाऱ्यास, त्याला लपविणाऱ्यास, आजन्म काळ्या पाण्यापर्यंत शिक्षा सांगत होते. १९४२ साली संहितेत घातलेल्या ५२-अ या कलमाने ‘आश्रय’ या शब्दाची व्याप्ती सांगितली: निवारा, अन्न, पेय, पैसा, वस्त्रे, शस्त्रे, दारूगोळा, वाहन. या यादीत भाकरी आणि पाणी काडतुसांच्या पंक्तीला बसले आहे. कायद्याला एवढे नक्की कळले होते की, भाकरी देणारी बाई हीदेखील लढ्यातील व्यक्ती आहे.

स्वतंत्र भारताला हे तितकेसे कळले नाही. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. तिच्या कसोट्या मुख्यतः तुरुंगवास भोगलेला असणे किंवा वॉरंट, बक्षीस, फरारी म्हणून घोषणा यांसह सहा महिन्यांहून अधिक काळ भूमिगत राहिलेला असणे, अशा स्वरूपाच्या होत्या. लपणारा या कसोट्यांत बसे. लपविणारी, ती पकडली गेली नसेल तर, बसत नसे. तिचे यश म्हणजे ती पकडली न जाणे. आणि तेच तिच्या नोंदीच्या आड आले.

पी. साईनाथ यांच्या ‘द लास्ट हीरोज’ (२०२२) या पुस्तकात पुरुलियाच्या भवानी महातो यांची हकीकत आहे. पती तुरुंगात असता त्यांनी शेती केली, मोठे कुटुंब सांभाळले आणि वर भूमिगतांना रांधून वाढले. स्वातंत्र्यलढ्याशी आपला काही संबंध होता, हे त्यांनी आधी मान्यच केले नाही. त्यांच्या लेखी तो स्वयंपाक होता. पत्रकाराने त्यांच्या नकारावर न थांबता त्या नकाराखालचे काम वाचकापुढे ठेवले, हे या लेखनाचे मोल. आनंदवर्धनाची कसोटी येथे लावून पाहावी. ‘मी केले’ या जाणिवेचा येथे लेशही नाही. म्हणून ही चित्तवृत्ती वीराची सीमा ओलांडून शांताकडे गेली आहे. आंद्रे द याँगनेही युद्धानंतर कीर्तीची वाट धरली नाही. परिचारिका होऊन आफ्रिकेत कुष्ठरोग्यांची सेवा करण्यात तिने अनेक वर्षे घालविली. युद्धवीराच्या साच्यात न मावणारे तिचे हे उत्तरायुष्य दयावीराच्या दृष्टीने पाहिले म्हणजे पूर्वायुष्याशी सलग दिसते. जे तिने १९४१ मध्ये केले तेच ती पुढेही करीत राहिली. बदलले ते फक्त आलंबन.

एक आक्षेप येथे संभवतो. अहंकाररहिततेचा असा गौरव केल्याने त्या स्त्रियांच्या विस्मरणाला शास्त्राधार मिळत नाही काय? त्या स्वतःच मान मागत नाहीत, तेव्हा समाजानेही तो देण्याचे कारण नाही, असा सोयीचा निष्कर्ष त्यातून काढला जाईल. हा आक्षेप गंभीर आहे. त्याला उत्तर असे की, अहंकाराचा अभाव हा कर्त्याचा गुण आहे. नोंदीचा अभाव हा समाजाचा दोष आहे. पहिल्याने दुसऱ्याचे समर्थन होत नाही. शांतरसाच्या आस्वादासाठीसुद्धा काव्य कोणीतरी लिहावेच लागते.

६

अखेरीस पुन्हा भवभूतीकडे वळणे योग्य ठरेल. ‘उत्तररामचरित’ ही एका अर्थाने आश्रयाचीच कथा आहे. राजाने टाकलेल्या सीतेला गंगा व पृथ्वी सांभाळतात, तिची मुले वाल्मीकीच्या आश्रमात वाढतात. तिसऱ्या, छाया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंकात सीता रामाला अदृश्य राहून त्याच्या जवळ वावरते. तिच्यासोबत तमसा असते. सारा अंक राम व सीता यांच्या दुःखाने भरला आहे. तमसेला स्वतःची कथा नाही. ती सावरते, आवरते, सोबत करते. तिच्याकडे रसिकाचे लक्ष क्वचित जाते. परंतु तमसा काढून घेतली तर सीतेला त्या वनात उभे राहता येणार नाही आणि अंकच संभवणार नाही. अशा पात्राला रंगभूमीवर जागा देण्याची बुद्धी भवभूतीला झाली, हे त्याच्या करुणाचे वैशिष्ट्य होय. शोक करणाऱ्याइतकाच त्याला सावरणाराही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

महायुद्धातील आश्रयकथांत तमसेची संख्या मोठी व त्यांना मिळालेली जागा थोडी आहे. बेचाळीसच्या मराठी आठवणी वाचतानाही हा निकष लावून पाहण्याजोगा आहे: निवेदक एका घरातून दुसऱ्या घरात जातो तेव्हा सोडलेल्या घराबद्दल किती वाक्ये येतात, त्या घरातील स्त्रीचे नाव येते की नाही, आणि निवेदक गेल्यावर त्या दारावर कोण आले हे पुस्तक विचारते की नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या जुन्या घरांतून ‘तुमच्याकडे कोण लढले’ असे विचारले म्हणजे ठरावीक नावे मिळतात. ‘त्या साली तुमच्या घरी कोण जेवून गेले आणि रांधले कोणी’ असे विचारण्याचे काम विभागातील अभ्यासकांना अद्याप करता येण्यासारखे आहे. ज्यांनी रांधले त्या आता बहुतेक राहिल्या नाहीत; त्यांनी ज्यांना सांगितले असेल, त्या लेकी-सुना अजून आहेत.